सुस्कारे टाकणारा डबा

आमच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. कापलेल्या वायरींचे तुकडे आणि किस्से. तुकडे भंगारवाला घेऊन जातो. किस्से मात्र कोणी नेत नाही, म्हणून मग भेटेल त्याला ऐकवावे लागतात!

मुकुटबनच्या रोडवर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. ट्रॅक्टर, जीप, कापसाच्या गाड्या, ज्याचा म्हणून लाइट लागत नाही तो माझ्याकडे येतो. शेजारच्या शटरमध्ये शकीलभाई बॅटऱ्यांचं काम करतात. चहा त्यांचा, गप्पा माझ्या, अशी आमची बरीच वर्षांची पार्टनरशिप.

या धंद्यात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. गिऱ्हाईक गाडी उभी करतं, इकडेतिकडे बघतं आणि हळूच म्हणतं, "भाऊ, गाडीत काहीतरी हाय."

एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर भर दुपारी, वावरात एकटा उभा असताना हॉर्न वाजवायचा. त्यानं नारळ फोडला, अंगारा लावला, बोनेटला हळदकुंकू वाहिलं. शेवटी माझ्याकडे आला. स्टिअरिंगच्या खाली वायर घासून उघडी पडली होती. उन्हानं पत्रा तापला की तिला टेकायची. टेप गुंडाळली, विषय संपला.

तेव्हापासून माझं ठरलेलं उत्तर आहे : "भूत म्हणजे उघडी वायर!"

त्यावर शकीलभाई दर वेळी चहाचा घोट घेत विचारतात, "और जहाँ वायर ही नहीं, वहाँ?"

"तिथं भूतही नाही!"

हे मी इतक्या ठसक्यात सांगायचो की बास. मग तो डबा आला.

*

डबा म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर. चाकांवरची खोली म्हणा ना! आत पलंग, ओटा, बेसिन, पडदे. जीपच्या मागे अडकवायचा आणि कुठंही न्यायचा. परदेशात म्हणे लोक त्यात बसून सुट्टीला जातात. एका संस्थेला तो कुठून तरी दान मिळाला आणि त्यांनी त्याचा फिरता दवाखाना केला. झरी जामणीकडच्या जंगलातल्या गावांना, कोलामांच्या पोडांना, बंजाऱ्यांच्या तांड्यांना जायचं, बायाबापड्यांना तपासायचं. मंदाताई त्यातल्या सिस्टर, मूळच्या ढाणकीच्या. आणि जीप ओढणारा ड्रायव्हर परसराम, इथल्याच एका तांड्यावरचा.

वायरिंग तपासायला डबा माझ्या दुकानापुढे उभा राहिला. पलंगाखाली एक लोखंडी पेटी होती. जाळी लावलेली, आत गॅसची नळी गेलेली.

शकीलभाईंनी वाकून पाहिलं. "ये तो भट्टी है!"

भट्टीच होती. गॅसवर पेटायची, आणि तिची गरम हवा खोलीत सोडायला बॅटरीवरचा पंखा. थंड मुलखातली गाडी, तिथल्या लोकांना ती लागत असणार. आपण तिला हीटर म्हणू.

"यवतमाळ जिल्ह्यात हीटर!" मी म्हणालो. "म्हणजे नरकात शेगडी घेऊन जाण्यासारखं झालं!"

मे महिना होता. डांबर पायाला चिकटत होतं. मी आणि परसराम आत बसून दिव्यांच्या वायरी बघत होतो, अंगातून घामाच्या धारा लागलेल्या. हीटरला कोणी हातही लावला नव्हता. मी फक्त डब्याची बॅटरी जोडली.

पलंगाखाली घुर्र झालं. मग भप्!

आणि जाळीतून आमच्या पायांवर गरम वाफारा!

परसराम दारातून नाही, खिडकीतून बाहेर पडला. तेवढ्या खिडकीतून तो कसा निघाला, हे मला आजही कळलेलं नाही. मी गॅस बंद करून हाश्शहुश्श करत बाहेर आलो.

कारण सापडलं. हीटरचं बटण भिंतीवर असतं. खोली थंड झाली की बटणातल्या दोन वायरी एकमेकींना मिळतात आणि हीटर लागतो. उंदरानं भिंतीतली वायर कुरतडली होती, तारा एकमेकींना चिकटल्या होत्या. हीटरला वाटलं, खोली गार पडली आहे.

"पाहिलंस? उघडी वायर!" मी परसरामला दाखवलं.

त्यानं मान हलवली. पण डब्यापासून चार हात लांबच उभा होता.

"थे समजलं, भाऊ. पन पहिले ज्याचा डबा होता, त्याले थंडी वाजून राह्यली असन तर?"

भर मे महिन्यात माझ्या पाठीवरचा घाम गार झाला!

*

पावसाळ्यात डबा जंगलाकडच्या एका गावात होता. आषाढातली झड लागलेली. एक बाई भिजलेलं लेकरू घेऊन आली. मंदाताईंनी हीटर लावला, लेकराला ऊब दिली, अंग पुसलं. लेकरू झोपलं तसं त्यांनी हीटर बंद केला. बाकड्यावर इतर बाया नंबर लावून बसल्या होत्या. सगळं चिडीचूप. बाहेर फक्त पाऊस.

आणि बंद केलेला हीटर श्वास टाकायला लागला.

हुऽऽऽश. थोडा वेळ तसाच. मग हळू, आणखी हळू, आणि शेवटी थांबला. एखादं माणूस कूस बदलून गप्प व्हावं तसा.

बाया उठल्या. पदर डोक्यावर घेतले आणि पावसात चालायला लागल्या. औषधं तशीच राहिली!

मंदाताईंनी मला फोन केला. मी हसलो. "ताई, ते तसंच असतं. आग विझली तरी आतला पत्रा तापलेला राहतो. तो थंड होईपर्यंत पंखा फिरत राहतो. बिघाड नाही, सोय आहे."

त्यांनी तेच गावात जाऊन समजावलं. तिथल्या एका म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरोबर हाय बाई. मरनारं मानूस बी असंच करते. आंधी आग जाते, मंग श्वास."

मंदाताई डब्यात परतल्या.

ही गोष्ट गावोगाव पोचली. डब्याचं नाव पडलं, सुस्काऱ्याचा डबा. मंदाताई पोचायच्या, भोंगा वाजवायच्या आणि रिकाम्या बाकड्यासमोर बसून राहायच्या. संस्थेनं कळवलं की बाया येत नसतील तर डबा दुसऱ्या जिल्ह्याला देऊ.

मंदाताई माझ्या दुकानात येऊन बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "संजूभाऊ, डबा गेला तर या बायांले कोन पाहीन? आन परसरामच्या शेवंताचं कसं करू मी?"

शेवंता म्हणजे परसरामची बायको. तिची दोन लेकरं गेली होती, दोन्ही हिवाळ्यातली, दोन्ही जन्मल्या दिवशीच. आता तिसऱ्यांदा दिवस होते, आणि वेळ येणार होती पौषात.

हे ऐकल्यावर मला हसू आलं नाही. हीटरचं काम मी तेव्हापासून स्वतःच्या हातात घेतलं.

*

पोळ्याच्या सुमारास परसराम आला तो तोंड उतरवून.

"भाऊ, आता त कन्हून राह्यलं."

"काय कण्हतंय?"

"डबा. म्या ब्रेक दाबला का मांगून कोनी तरी कन्हते. ब्रेक सोडला का चूप!"

मी म्हटलं चल, दाखव. जीपमध्ये बसलो, डबा मागे. त्यानं ब्रेक दाबला आणि खरंच, मागून एक बारीक, ओढलेला आवाज आला. ऊंऽऽ. ब्रेक सोडला, थांबला. पुन्हा दाबला, पुन्हा ऊंऽऽ.

खोटं कशाला बोलू, मला पहिल्यांदा मंदाताईंनी सांगितलेलं त्या म्हाताऱ्याचं बोलणं आठवलं!

डब्यात गेलो. कण्हत होता तो हीटरचा पंखा. ब्रेक दाबला की त्याला थोडासा करंट मिळत होता आणि तो धड फिरत नव्हता, नुसता कुंथत होता. वर आणखी एक तऱ्हा. डबा जीपपासून सोडला की हीटर पूर्ण मेलेला, जीपला अडकवला की अर्धामुर्धा जिवंत!

असं होतं तेव्हा समजायचं की अर्थिंग तुटलंय. म्हणजे बॅटरीतून निघालेल्या करंटला परत यायची वाट नाही. मग तो चोरवाटेनं येतो. मागच्या लाइटमधून, ब्रेकच्या वायरीतून, जीपच्या कड्यातून, मिळेल तिथून.

मी डब्याखाली आडवा झालो. जिथं अर्थिंगची जाड हिरवी वायर डब्याच्या सांगाड्याला कसलेली असते, तिथं नुसता नट होता. वायर गायब!

सगळा डबा पालथा घातला. शकीलभाईंनी बॅटरीचा खोका उपसला. वायर नाही. दमून मी डब्याच्या दारापुढे बसलो आणि सहज वर पाहिलं.

दारावर लिंबूमिरची. ताजं पिवळंधमक लिंबू, सात हिरव्या मिरच्या, आणि हे सगळं ओवलेलं होतं एका जाड हिरव्या वायरीत. टोकाला नटाखाली बसणारं तांब्याचं कडं, थिंबल, तेसुद्धा तसंच!

"परशा!!"

"भाऊ, थे वायर खाली नुसती पत्र्याले बांधेल होती. तिच्यातून कोनताच लाइट लागत नवता. मले वाटलं फालतूची हाय." मग अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "दोऱ्यानं बांधलं का दोन दिवसात गळून पडते. शेवंताच्या वक्तापरेंत टिकलं पाह्यजे ना."

शकीलभाई हसून हसून खोकल्यापर्यंत गेले. "भूत भगाने के वास्ते भूत बना दिया रे तूने!"

मी वायर जागेवर कसली. लिंबूमिरची मात्र पुन्हा दारावर टांगली, नायलॉनच्या दोरीनं, स्वतःच्या हातानं. शकीलभाईंनी ते पाहिलं आणि दोरीचं उरलेलं टोक कापून दिलं.

*

दसऱ्याच्या आसपास डबा परसरामच्या तांड्याजवळ मुक्कामाला नेला आणि तिथं आमची गाठ पडली याडीशी.

याडी म्हणजे आई. परसरामची आई, पण अख्खा तांडा तिला याडीच म्हणायचा, कारण अख्खा तांडा तिच्याच हातावर जन्मलेला. तांड्याची सुईण ती. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, अंगात आरशांची कांचळी, आणि नजर अशी की समोरचा आपोआप नीट बसेल.

मंदाताईंनी तिला हात जोडून सांगितलं, "याडी, शेवंताचं बाळंतपन डब्यात करू. डॉक्टर येतीन. मी हाय. अडलं त वणीच्या दवाखान्यात नेऊ."

याडीनं आत येऊन सगळं निरखून पाहिलं. "शेगडी कुठं ठेवान?"

"शेगडी नाही ठेवता येत, याडी," मी सांगितलं. "गॅस आहे आत. खोली बंद. धूर कोंडला तर जीव जाईल."

"मंग शेवंता येत नाई."

तिचं म्हणणं साधं होतं. बाळंतिणीच्या बाजेखाली इस्तव, म्हणजे जळते निखारे, पाहिजे. तो इझला का लेकरू गेलं. शेवंताचं पहिलं वाटेतच जीपमध्ये झालं, दुसरं दवाखान्यात. दोन्ही वेळा इस्तव नव्हता. "थंडीनं नेले माह्ये नातू," याडी म्हणाली. "तिसरा म्या नेऊ देत नाई."

मंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छाती काढून पुढे झालो. "याडी, याच्यात इस्तवच आहे. बघ आता!"

बटण फिरवलं. पंखा घुर्र सुरू झाला. आग लागली नाही. पुन्हा फिरवलं. नुसता गार वारा! याडीचा पदर उडाला. माझी अशी फजिती आयुष्यात झाली नव्हती.

याडी उकिडवी बसली. जाळीला डोळा लावून आत पाहिलं, आणि बांगड्यांच्या हातानं जाळीवर ठोकलं. खण्, खण्, खण्.

भप्!

निळी आग. गरम हवा. याडीनं तळहात पुढे धरले.

"पायलं? त्याले हाक मारा लागते."

ती गेल्यावर मी पेटी उघडली. पंख्याची हवा सुरू झाली की एक पातळ पात उचलली जाते आणि हीटरच्या बोर्डाला कळतं की आता आग लावायला हरकत नाही. त्या पातीच्या स्विचची पिन ढिली होती. ठोकल्यावर टेकली, एवढंच! मी पिन घट्ट केली आणि दुसऱ्या दिवशी याडीला मुद्दाम बोलावून दाखवलं. एका झटक्यात हीटर पेटला.

"आता ठोकायची गरज नाही, याडी."

ती पुन्हा जाळीपुढे उकिडवी बसली.

"तुले नसन," ती म्हणाली. "त्याले हाय."

आणि खण्, खण्, खण्!

त्यानंतर डबा जिथं जाईल तिथं याडी. जाळीशेजारी बसायची, आधी ठोकायची, मग मंदाताईंना म्हणायची, "लाव." याडी आत बसली आहे म्हटल्यावर बाया येऊ लागल्या. बाकडं भरलं. डबा दुसऱ्या जिल्ह्याला द्यायची भाषा बंद झाली. शेवंताही तपासायला यायला लागली आणि याडीच्या पायाशी जाळीपुढे बसायची.

एकदा मी फ्यूज बघत होतो तेव्हा शेवंतानं विचारलं, "याडी, त्या वक्ती हा इझला तर?"

"कसा इझन? इस्तव म्या पाहीन."

*

दिवाळी झाली आणि याडी गेली. दुपारची अंगणात ऊन खात पडली होती, तशीच गेली. आजार नाही, काही नाही.

परसराम दुकानात आला, बॅटऱ्यांच्या खोक्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. शकीलभाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. खरं सांगतो, मलाही फार वाईट वाटलं. मी त्या म्हातारीला खोटं पाडायला बोलावलं होतं, तरी तिनं राग धरला नव्हता.

पुढे काही दिवसांनी मंदाताईंचा फोन आला. आवाज दबका.

"भाऊ, हीटर लागाच्या आंधी वाजते."

"काय वाजतं?"

"तुम्हाले माहीत हाय काय वाजते."

मी लगेच शास्त्र सांगितलं. "ताई, हवा जाते ती नळी पत्र्याची आहे. पत्रा तापला की ताणतो, टणटण वाजतो. घरावरचे टीन नाही का उन्हात वाजत?"

"हो ना, तापल्यावर वाजते. हे आग लागाच्या आंधी वाजते, भाऊ. आंधी वाजते, मंग लागते."

मी गेलो. नळ्या हलवून पाहिल्या, स्क्रू कसले, जाळी काढून पुन्हा बसवली. अख्खी सकाळ त्या जाळीपुढे बसलो. हीटर लावला, बंद केला, परत लावला. टिक् नाही की टुक् नाही!

"कुठं वाजतंय, ताई?"

मंदाताई बाटल्या पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्यापुढं कायले वाजवीन ते? तुम्हीच तिले म्हटलं होतं ना, गरज नाई म्हनून."

मी जोरात हसलो. जरा जास्तच जोरात. परत येताना मोटरसायकलच्या मुठीवर माझे हात बर्फासारखे होते, आणि ऊन तर चांगलं पडलं होतं.

तांड्यावरच्या बायांना मात्र भीती अजिबात वाटत नव्हती. उलट आत येऊन बसायच्या, कान द्यायच्या, आणि आवाज आला की पदर सावरून म्हणायच्या, "याडी आली."

शेवंतानं तर मला स्पष्टच सांगितलं, "भाऊ, कायबी दुरुस्त करू नका. मले बरं वाटते."

*

पौषात हीटर मेला.

या वेळी उंदीर नाही, ढिली पिन नाही, लिंबूमिरची नाही. पेटी उघडली तर जळका वास. बोर्डच जळाला होता. बोर्ड म्हणजे हीटरचं डोकं. आग कधी लावायची, गॅस कधी सोडायचा, सगळं तोच ठरवतो. तो नाही तर हीटर म्हणजे नुसता लोखंडी खोका.

मी बोर्ड काढला. गॅसची चावी बंद केली. वायरींची उघडी टोकं टेपनं गुंडाळली. फ्यूज काढून खिशात टाकला. नवा बोर्ड इथं कुठला मिळायला, नागपूरच्या एका ओळखीच्या माणसाला मागवायला सांगितला. मंदाताई म्हणाल्या, घाई नाही, शेवंताला अजून अवकाश आहे.

शेवंता दारातून बघत होती. माझ्या हातातल्या बोर्डाकडे बोट दाखवून म्हणाली, "थे घेऊन चालले? मंग इस्तव?"

"आणतो. तुझ्या वेळेआधी आणून बसवतो. माझा शब्द."

आणि आभाळ आलं. पौषात पाऊस, त्यावर गारा, त्यावर असा वारा की दुकानाचं शटर थरथरत होतं. नागपूरचा माणूस फोन उचलेना. मी जळका बोर्डच दुरुस्त होतो का बघायला बसलो.

सकाळी दुकान उघडलंच होतं, तर परसराम आला. भिजून चिंब, ओठ काळेनिळे. नाल्याला पूर, जीप निघत नव्हती. तो कमरेएवढ्या पाण्यातून आला होता आणि अलीकडून कोणाची तरी मोटरसायकल घेऊन इथवर.

"पहाटेपासून कळा सुरू झाल्या, भाऊ. ताईनं तिले डब्यात घेतलं. डॉक्टर पल्याड अटकला. आत अशी थंडी हाय का तोंडातून वाफ निघून राह्यली. बोर्ड द्या. कसाबी करा, पन द्या!"

शकीलभाईंनी आपलं शटर अर्धंच ठेवलं आणि माझ्या टेबलाशी येऊन सोल्डरिंगची कांडी तापवायला लावली. मी बोर्डावरची जळलेली पट्टी खरवडली, नवी तार बसवली. टाका बसला की सुटायचा, सुटला की पुन्हा. परसराम समोर उभा. बस म्हटलं तर बसेना.

"दोन नेले थंडीनं," तो एवढंच पुटपुटत होता. "दोन नेले."

मला स्वतःचाच राग आला. शब्द मी दिला होता, आणि तो माझ्या टेबलावर जळका पडला होता.

फोन वाजला. मंदाताई.

कोणी उचलेना. शेवटी मी स्पीकरवर टाकला.

"संजूभाऊ! परसराम पोचला काय तिथं? त्याले सांगा, पोरगी झाली!"

आणि मागून रडणं. खणखणीत, चिडलेलं, जिवंत रडणं!

परसराम मटकन खाली बसला. शकीलभाईंनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले. माझे डोळे भरून आले.

मंदाताई बोलतच होत्या. "लय भ्याव वाटलं, भाऊ. निळी पडेल होती. रडत नवती, हालत नवती. आन तेवढ्यात हीटर लागला! तशी त्याच्यापुढं धरली, त हळूहळू गुलाबी झाली आन रडली. परसराम, जाच्या आंधी कायतरी जोडून गेला त सांगून जाचं ना! तुह्या हीटरनंच वाचवली तिले."

परसरामनं माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं.

बोर्ड तिथंच होता. ताज्या टाक्यातून धूर निघत होता. शेजारी मी काढून आणलेला फ्यूज. शकीलभाईंनी कांडी हळूच खाली ठेवली.

"ताई," मी विचारलं, "हीटर चालू कोणी केला?"

"आता मले काय माहीत? माह्ये दोन्ही हात गुंतेल होते. आपसूकच लागला, भप् करून."

फोनमध्ये पोरगी क्षणभर श्वास घ्यायला थांबली. त्या तेवढ्या शांततेत ते ऐकू आलं. अगदी स्पष्ट. खण्, खण्, खण्.

"शेवंताच्या हातात बांगड्या आहेत का, ताई?"

"नाई, सकाळीच काढून ठेवल्या म्या. काहून?"

मी टेबलावरचा फ्यूज उचलून मुठीत घट्ट धरला.

"बरं, ऐका," मंदाताई म्हणाल्या, "आता आतमंदी चांगलं गरम झालं. बंद करू काय हीटर?"

परसराम उठला. फोन दोन्ही हातांनी उचलून तोंडाजवळ धरला.

"नका करू, ताई," तो म्हणाला. "जिचं काम हाय, तिले करू द्या."